व्हायब्रेटिंग स्क्रीनच्या सांगाड्याचे विरूपण संगणकावर कसे तपासावे

खनिज प्रक्रियेतील व्हायब्रेटिंग स्क्रीन, म्हणजे खनिज चाळणारी कंपन-चाळणी, हे सतत हलत राहण्यासाठीच बनवलेले यंत्र आहे, आणि म्हणूनच तिच्या विरूपणाचे सिम्युलेशन इतर पोलादी सांगाड्यांपेक्षा वेगळ्या पद्धतीने हाताळावे लागते. पुलाचे मॉडेल तपासताना जो भाग जास्त सरकतो तो कमकुवत असावा, असा अंदाज बांधता येतो. स्क्रीनमध्ये मात्र प्रत्येक बिंदूने पाच-सहा मिलिमीटर सरकणे हेच अपेक्षित असते, आणि धोक्याचे विरूपण त्या सरकण्याच्या आत मिलिमीटरच्या काही दशांशांत दडलेले असते. त्यामुळे सॉफ्टवेअर आपोआप रंगवून देते ते एकूण विस्थापनाचे चित्र आपल्या कामाचे जवळजवळ नसतेच. सांगाडा किती हलतो हे नव्हे, तर हलताना तो स्वतःच्या आकारापासून किती ढळतो, हे शोधायचे आहे आणि पुढील सर्व पायऱ्या त्याच दिशेने जातात. विवेचनासाठी रेषीय गतीची एक मध्यम स्क्रीन धरली आहे. तिला दोन साइड प्लेट, त्यांना जोडणारे क्रॉस बीम, बीमवर डेक (चाळण्याचा पृष्ठभाग), वर असंतुलित वजन फिरवून कंप निर्माण करणारा एक्सायटर आणि चार कोपऱ्यांत स्प्रिंग आहेत. वर्तुळाकार गतीच्या किंवा बनाना (केळ्यासारख्या वाकलेल्या डेकच्या) स्क्रीनसाठी आकडे बदलतात, क्रम बदलत नाही.

संगणक सुरू करण्यापूर्वीचे गणित

हलणाऱ्या भागाचे वस्तुमान १०,००० किलो, वेग मिनिटाला ९०० फेरे आणि स्ट्रोक १० मिमी असे मानू. स्ट्रोक म्हणजे एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंतचे अंतर, म्हणून आयाम, म्हणजे मध्यापासून एका टोकापर्यंतचे अंतर, त्याच्या निम्मा, ५ मिमी. ९०० फेरे म्हणजे १५ हर्ट्झ, आणि कोनीय वेग सेकंदाला ९४.२५ रेडियन. आयामाला कोनीय वेगाच्या वर्गाने गुणल्यास ४४.४ मीटर प्रति सेकंद वर्ग, म्हणजे गुरुत्वाच्या सुमारे साडेचारपट त्वरण मिळते. स्क्रीन स्प्रिंगच्या नैसर्गिक वारंवारतेच्या बऱ्याच वर चालत असल्यामुळे असंतुलित वजन आणि त्याची त्रिज्या यांचा गुणाकार हा एकूण वस्तुमान आणि आयाम यांच्या गुणाकाराइतका, म्हणजे ५० किलो-मीटर लागतो. त्यातून एक्सायटरचे बल सुमारे ४४४ किलोन्यूटन निघते. स्प्रिंगवरील उभी नैसर्गिक वारंवारता ३ हर्ट्झ हवी असेल, तर चारही कोपऱ्यांची मिळून कडकता सुमारे ३,५५० न्यूटन प्रति मिमी येते आणि यंत्र स्वतःच्या वजनाने सुमारे २८ मिमी खाली बसते.

हे आकडे कागदावर मांडून भिंतीला चिकटवावेत. मॉडेलने स्थिर भाराखाली २८ मिमीच्या आसपास दब आणि १५ हर्ट्झला ५ मिमीच्या आसपास आयाम दाखवला नाही, तर पुढचे एकही रंगीत चित्र विश्वासार्ह नाही. एककांचा घोळ इथेच पकडला जातो. न्यूटन-मिलिमीटर पद्धतीत वस्तुमानाचे एकक टन असते. पोलादाची घनता ७८५० किलो प्रति घनमीटरऐवजी त्या पद्धतीत दशांश चिन्हानंतर आठ शून्ये देऊन ७८५ अशी लिहावी लागते, आणि गुरुत्व ९८१० घ्यावे लागते.

आणखी एक आकडा डोक्यात ठेवावा. दिवसाला २० तास चालणारी ही स्क्रीन रोज १०.८ लाख भारचक्रे भोगते. एक कोटी चक्रे दहा दिवसांच्या आत, आणि शंभर कोटी चक्रे साधारण अडीच वर्षांत पूर्ण होतात. म्हणजे पोलाद एकदम वाकण्याचा, अर्थात यील्ड होण्याचा प्रश्न इथे सहसा नसतोच. प्रश्न असतो तो वेल्डच्या टोकाशी हळूहळू वाढणाऱ्या तड्याचा.

भूमिती, मेश आणि जोड

निर्मितीच्या कॅड मॉडेलमध्ये प्रत्येक बोल्ट, चॅम्फर आणि लिफ्टिंग लगचे छिद्र असते. त्यातले बरेचसे काढून टाकावे, पण क्रॉस बीमचे फ्लॅंज, साइड प्लेटवरील स्टिफनर आणि एक्सायटरच्या बीमचे गसेट मात्र जसेच्या तसे ठेवावेत. मॉडेल ज्या छोट्या तुकड्यांत विभागतात त्यांना एलिमेंट म्हणतात; साइड प्लेट, ट्यूब आणि स्टिफनर यांसाठी शेल (पातळ पत्र्यासारखे) एलिमेंट योग्य असतात, कारण १०-१२ मिमी जाडीच्या आणि काही मीटर लांबीच्या प्लेटला घन एलिमेंटने भरायचे म्हटले तर जाडीत पुरेसे थर देताना मॉडेल विनाकारण फुगते. सर्वत्र १५ ते २५ मिमीचा मेश (एलिमेंटची जाळी) चालतो. ज्या वेल्डवर थकव्याची, म्हणजे वारंवार भाराने तडा जाण्याची तपासणी करायची आहे तिथे मात्र एलिमेंटचा आकार प्लेटच्या जाडीच्या ०.४ पट किंवा त्याहून लहान असावा, आणि त्याच्या कडा वेल्डच्या टोकाशी समांतर असाव्यात.

जोडांकडे बहुतेक जण घाईने पाहतात. साइड प्लेट आणि क्रॉस बीमचा फ्लॅंज यांना सहसा वेल्ड करत नाहीत, लॉकबोल्टने घट्ट आवळतात, कारण अतिताणाच्या जागी वेल्ड नकोच असतो. सिम्युलेशनमध्ये दोन पृष्ठभाग संपूर्णपणे चिकटलेले दाखवले, तर सांगाडा वस्तुस्थितीपेक्षा कडक होतो आणि नैसर्गिक वारंवारता चढ्या निघतात. बोल्टच्या डोक्याखालचे जेवढे क्षेत्र खरोखर दाबलेले असते तेवढेच जोडावे, बाकीचे मोकळे ठेवावे, आणि बोल्ट स्वतः बीम एलिमेंटने दाखवावा. एक्सायटरचे ओतीव आवरण प्लेटच्या मानाने फारच कडक असते. म्हणून ते गुरुत्वमध्यावर ठेवलेले एकवटलेले वस्तुमान मानून, त्याच्या जडत्वाघूर्णांसह, फक्त पायांच्या क्षेत्राशी कडक दुव्यांनी बांधावे. दुवे पायांबाहेर पसरले की एक्सायटर बीम कृत्रिमरीत्या मजबूत होतो, आणि तडे बरेचदा नेमके तिथेच येतात.

वस्तुमान, गुरुत्वमध्य आणि स्प्रिंग

पॉलियुरेथेन किंवा रबराचे पॅनेल, घर्षणापासून वाचवणारे लायनर आणि फीड बॉक्सचे अस्तर सांगाड्याला कडकता देत नाहीत, वजन मात्र बरेच देतात. ही वस्तुमाने त्या-त्या पृष्ठभागावर पसरून टाकावीत आणि नंतर मॉडेलचे एकूण वजन प्रत्यक्ष तोललेल्या किंवा निर्मात्याने दिलेल्या वजनाशी जुळवून पाहावे. त्याहून महत्त्वाचा आहे गुरुत्वमध्य. एक्सायटरची बलरेषा गुरुत्वमध्यातून जात नसेल तर स्क्रीन पुढे-मागे डुलू लागते आणि फीड व डिस्चार्ज टोकांची गती वेगवेगळी होते. हा दोष सांगाड्याच्या लवचीकतेचा नसून मांडणीचा आहे, पण मॉडेलमध्ये गुरुत्वमध्य चुकला तर तो विरूपणासारखा भासतो.

डेकवरील खनिजाचे सगळे वजन सांगाड्याला चिकटवणे बरोबर नाही. साडेचार गुरुत्वाच्या त्वरणावर कण चक्राचा मोठा भाग हवेत घालवतात, म्हणून त्यांच्या वजनाचा काही अंशच सांगाड्याच्या वस्तुमानात धरावा. रिकामी स्क्रीन आणि भरलेली स्क्रीन असे दोन्ही प्रसंग स्वतंत्रपणे चालवणे हा इथला व्यवहार्य मार्ग आहे. फीडच्या टोकाला मोठे दगड कोसळत असतील, तर कणांचे सिम्युलेशन करणाऱ्या डिस्क्रीट एलिमेंट पद्धतीतून आघातबलांचा काळानुरूप आलेख काढून तो फायनाइट एलिमेंट मॉडेलवर लावता येतो. सुरुवातीलाच या जोडसिम्युलेशनच्या मागे लागू नये, कारण त्यात जाणारा वेळ मोठा असतो आणि पायाभूत मॉडेलमधील चुका त्यात झाकल्या जातात.

स्प्रिंगला तिन्ही दिशांची कडकता द्यावी. कॉइल स्प्रिंगची आडवी कडकता उभ्या कडकतेपेक्षा वेगळी असते, आणि रबराची गतिज कडकता स्थिर चाचणीत मोजलेल्या कडकतेपेक्षा जास्त निघते. स्क्रीनचे शरीर कुठेही थेट जमिनीशी जखडू नये. जखडायचे ते स्प्रिंगचे खालचे टोक, आणि आधारांचा पोलादी मनोरा लवचीक असेल तर त्याचीही कडकता स्प्रिंगखाली जोडावी.

मोडल विश्लेषण

मोड म्हणजे यंत्राच्या नैसर्गिक कंपनाचा एक प्रकार. पहिल्या सहा मोडमध्ये स्क्रीन ताठ ठोकळ्यासारखी स्प्रिंगवर वर-खाली, पुढे-मागे आणि आडवी हलताना, तसेच तिन्ही अक्षांभोवती डुलताना दिसली पाहिजे. त्यांच्या वारंवारता काही हर्ट्झच्या आत असतात. शून्याजवळचा मोड आला तर एखादी स्प्रिंग किंवा जोड सुटला आहे, आणि सहाहून अधिक मोड अशा खालच्या पट्ट्यात आले तर एखादा भाग मॉडेलमध्ये लोंबकळतो आहे. सातव्या मोडपासून सांगाडा स्वतः वाकू लागतो. संपूर्ण शरीर पिळले जाते, साइड प्लेट पंख्यासारख्या आत-बाहेर होतात, क्रॉस बीम लवतात किंवा फीड बॉक्स मान डोलावतो.

या लवचीक वारंवारता १५ हर्ट्झपासून किती दूर आहेत, यावर सगळे ठरते. अवमंदन (कंपन शोषले जाण्याचे प्रमाण) दोन टक्के धरले आणि एखादा मोड १६ हर्ट्झला असेल, तर त्याचा प्रतिसाद स्थिर गणिताच्या जवळपास आठपट होतो. २० हर्ट्झला तो सव्वादोन पटींवर येतो, आणि ३० हर्ट्झला केवळ सव्वापटीहून थोडा अधिक उरतो. कार्यवारंवारतेच्या वर-खाली किमान १५ ते २० टक्क्यांचा पट्टा मोडमुक्त असावा असे माझे मत आहे, कारण पॅनेल बदलले, खनिज साचले किंवा वेग थोडा वाढवला तरी मोड त्या पट्ट्यात सरकू शकतो.

अर्ध्या स्क्रीनचे सममित मॉडेल करून वेळ वाचवण्याचा मोह टाळावा. पिळवटण्याचा मोड असममित असल्यामुळे अर्ध्या मॉडेलमध्ये तो दिसतच नाही. आदर्श सममित भाराखाली तो उद्दीपितही होत नाही, हे खरे. पण एका कोपऱ्यातली स्प्रिंग मऊ पडली, फीड एका बाजूला झुकला किंवा दोन एक्सायटरमध्ये कलेचा (फेजचा) फरक राहिला, की तोच मोड सर्वाधिक नुकसान करतो.

हार्मोनिक विश्लेषण आणि ताठ गती वजा करणे

सोयीसाठी काही जण सांगाड्यावर साडेचार गुरुत्वाचे त्वरण लावून स्थिर गणित करतात. पहिला अंदाज म्हणून ते ठीक आहे, पण त्यात अनुनादाचा मागमूसही नसतो. म्हणून १५ हर्ट्झवर, आणि शक्यतो १० ते २० हर्ट्झच्या पट्ट्यात लहान पायऱ्यांनी, हार्मोनिक विश्लेषण करावे, म्हणजे त्या-त्या वारंवारतेच्या बलाला सांगाड्याचा प्रतिसाद काढावा. एक्सायटरचे बल कोनीय वेगाच्या वर्गाबरोबर बदलते. पट्टाभर एकच बल ठेवले तर आलेख दिशाभूल करतो. अवमंदनाला मोजमाप नसताना एक ते दोन टक्के ही सावध सुरुवात आहे.

उत्तर हाती आले की त्यातून ताठ गती वेगळी काढणे ही या सर्व कामातील सर्वांत महत्त्वाची पायरी आहे. सांगाड्यावर पसरलेले शंभर-दोनशे नोड (एलिमेंट जुळतात ते बिंदू) निवडावेत, आणि प्रत्येकाच्या तिन्ही दिशांतील विस्थापनाचे वास्तव व काल्पनिक भाग बाहेर काढावेत. आता असे मानावे की सगळे शरीर ताठ आहे आणि त्याची गती तीन सरकण्यांनी व तीन लहान फिरण्यांनी पूर्ण सांगता येते. या सहा अज्ञात संख्या किमान वर्ग पद्धतीने काढाव्यात, वास्तव भागासाठी एकदा आणि काल्पनिक भागासाठी एकदा. मग प्रत्येक नोडच्या विस्थापनातून ही ताठ गती वजा करावी. उरते ते खरे विरूपण. पायथनमध्ये किंवा साध्या स्प्रेडशीटमध्येही हे करता येते. हा अवशेष पुन्हा मॉडेलवर रंगवला की एरवी एकसारख्या दिसणाऱ्या चित्रात साइड प्लेटचा फुगवटा, मधल्या बीमचा बाक आणि कर्णाच्या दिशेचा पीळ वेगवेगळे दिसू लागतात. काढलेली ताठ गतीही फेकून देऊ नये. तिच्यातील डुलणे शून्याच्या जवळ नसेल, तर बलरेषा आणि गुरुत्वमध्य यांचे नाते पुन्हा तपासायला हवे.

एक बीम हाताने तपासून पाहू

मॉडेलवर विश्वास बसावा म्हणून एका क्रॉस बीमचे गणित हाताने करावे. १५० × १५० × ८ मिमीची चौकोनी ट्यूब, लांबी २.४ मीटर, आणि पॅनेल व पट्ट्यांसह प्रत्येक मीटरला १३६ किलो भार असे उदाहरण घेऊ. टोके साधी टेकलेली मानल्यास पहिली नैसर्गिक वारंवारता सुमारे ४२ हर्ट्झ येते. ४४.४ मीटर प्रति सेकंद वर्ग त्वरणाखाली मध्यबिंदू सुमारे ०.८ मिमी लवतो आणि तिथला वाकण्याचा ताण सुमारे २१ मेगापास्कल निघतो. १५ हर्ट्झच्या गतिज वाढीमुळे तो २४ वर जातो. हा आयाम झाला. एका चक्रातील ताणाचा पूर्ण पल्ला त्याच्या दुप्पट, म्हणजे जवळपास ४९ मेगापास्कल. शिवाय स्ट्रोकची दिशा ट्यूबच्या बाजूंशी ४५ अंशांत असेल, तर कोपऱ्यावरील ताण आणखी १.४ पटींनी वाढतो.

२५० मेगापास्कल यील्डच्या पोलादात २४ मेगापास्कल म्हणजे काहीच नाही, असे वाटणे स्वाभाविक आहे. इथेच थकव्याचा हिशेब मांडावा लागतो.

वेल्ड आणि थकवा

आंतरराष्ट्रीय वेल्डिंग संस्थेच्या हॉट-स्पॉट (वेल्डच्या टोकावरील ताण धरणाऱ्या) पद्धतीत भार वाहणाऱ्या फिलेट वेल्डचा वर्ग ९० धरतात. याचा अर्थ २० लाख चक्रांना ताणाचा परवानगीयोग्य पल्ला ९० मेगापास्कल असतो. ताण आणि चक्रसंख्या यांच्या वक्राच्या उताराचा घातांक ३ असल्यामुळे एक कोटी चक्रांना तो सुमारे ५३ वर येतो, आणि त्यापुढे घातांक २२ धरून शंभर कोटी चक्रांना सुमारे ४३ मेगापास्कल उरतो. भार न वाहणाऱ्या जोडासाठी वर्ग १०० असला तरी उत्तर ४७ च्या आसपासच थांबते. म्हणजे वरच्या बीमच्या मध्यावर केबलसाठी किंवा पाण्याच्या पाइपसाठी एखादा किरकोळ कंस वेल्ड केला, तर ४९ मेगापास्कलचा पल्ला त्या वेल्डची मर्यादा ओलांडतो, आणि त्यात कंसामुळे होणारे स्थानिक केंद्रीकरण अजून धरलेलेच नाही. क्रॉस बीमवर प्रकल्पस्थळी वेल्डिंग करू नये, असा दंडक निर्माते का घालतात, ते या आकड्यांवरून कळते. युरोकोड ३ च्या भाग १-९ मध्ये तपशीलवर्ग आणि वक्र वेगळ्या रीतीने मांडले आहेत. कोणतेही एक मानक शेवटपर्यंत पाळावे. एकाचा वर्ग आणि दुसऱ्याचा वक्र असे मिश्रण करू नये.

वेल्डच्या टोकावर मॉडेल जो सर्वोच्च ताण दाखवते तो मेशबरोबर वाढत जातो, म्हणून तो वापरता येत नाही. बारीक मेशमध्ये वेल्डच्या टोकापासून जाडीच्या ०.४ पट आणि १.० पट अंतरावरील पृष्ठभागीय ताण घ्यावेत, आणि पहिल्याच्या १.६७ पटीतून दुसऱ्याची ०.६७ पट वजा करून टोकावरील हॉट-स्पॉट ताण काढावा. ताण टोकाला काटकोनात असलेल्या दिशेचा घ्यावा. फॉन मिझेस ताण (सर्व दिशांचे ताण एकत्र करून काढलेला) नेहमी धन असल्यामुळे ओढ आणि दाब यांतील भेद त्यात पुसला जातो आणि पल्ला चुकतो. वेल्डिंगमुळे वेल्डजवळ राहिलेले शिल्लक ताण आधीच मोठे असल्याने सरासरी ताणाची सवलत घेऊ नये. पोलादाचा यील्ड वाढवूनही वेल्डच्या थकव्यात फरक पडत नाही, त्यामुळे महागडे उच्चशक्ती पोलाद हा इथला उपाय नव्हे.

सुरू होणे आणि थांबणे

चालू असताना निर्धोक असलेली स्क्रीन थांबताना मात्र जोरात उसळते, कारण वेग उतरताना मिनिटाला १८० फेऱ्यांच्या सुमारास ती स्प्रिंगच्या ३ हर्ट्झ वारंवारतेतून सावकाश जाते. याची तपासणी कालानुगामी विश्लेषणाने करावी. बदलत्या वेगाचे बल लिहिताना सायनच्या कंसात वेग गुणिले काळ लिहिणे ही नेहमीची चूक आहे. कोन हा वेगाचा काळावरील संकलनफल असतो, आणि तो तसाच काढावा लागतो. ६० हर्ट्झपर्यंतचे मोड पकडायचे असतील तर काळाची पायरी ०.८ मिलिसेकंदाहून मोठी नसावी. स्वतंत्र मोटरवर चालणारे दोन असंतुलित शाफ्ट असतील तर थांबताना त्यांचे एकमेकांशी असलेले तालमान सुटू शकते आणि आडवे बल निर्माण होते. तो प्रसंगही चालवून पाहावा.

प्रत्यक्ष यंत्राशी पडताळणी

मोजमापाशिवाय मॉडेल अपुरे असते. थांबलेल्या स्क्रीनवर हातोडी-चाचणी करून लवचीक वारंवारता आणि अवमंदन मिळवावे, आणि चालू स्क्रीनच्या चारही कोपऱ्यांवर त्रिदिश अ‍ॅक्सेलरोमीटर लावून आयाम व कला तपासावी. मॉडेलमधील पहिल्या काही लवचीक वारंवारता मोजलेल्यांच्या पाच टक्क्यांच्या आत आल्या, तरच ताणाच्या आकड्यांकडे वळावे. त्या जास्त निघाल्या तर बहुधा बोल्टचे जोड वाजवीपेक्षा कडक धरलेले असतात, किंवा पॅनेलचे वजन कमी पडलेले असते. स्ट्रेन गेज अतिताणाच्या बिंदूवर नेमका चिकटवण्याऐवजी त्यापासून थोडे दूर, जिथे ताण सावकाश बदलतो अशा जागी लावावा. तिथे एखाद-दोन मिमी चूक झाली तरी तुलना टिकते.

मॉडेल जुळल्यावर सुधारणा तपासताना घाईने जाडी वाढवू नये. साइड प्लेट जाड केली की कडकतेबरोबर वस्तुमानही वाढते, त्याच एक्सायटरवर स्ट्रोक घटतो, आणि वारंवारता अपेक्षेइतकी वर जात नाही. मोठ्या स्क्रीनमध्ये काही लवचीक मोड कार्यवारंवारतेच्या खाली असतात. अशा स्क्रीनला स्टिफनर लावणे म्हणजे १२ हर्ट्झचा मोड उचलून १५ हर्ट्झवर आणून ठेवणे ठरू शकते. तिथे योग्य जागी थोडे वजन वाढवणे किंवा बीमची जागा सरकवणे अधिक उपयोगी पडते. प्रत्येक बदलानंतर मोडल विश्लेषण, हार्मोनिक विश्लेषण आणि ताठ गतीची वजाबाकी पुन्हा करावी. रबराचे पॅनेल जाऊन वेगळ्या वजनाचे पॅनेल येणार असतील, तेव्हाही तेच मॉडेल नव्या वस्तुमानासह आधी चालवून मगच पॅनेल बदलायला संमती द्यावी.